कानपूरच्या भंगारातली लिबरेटर आणि लोहगावचं सहा नंबर स्क्वॉड्रन

तुम्ही विचारलंय की आजोबा धानोरीला राहायचे आणि ते सांगतात, साठच्या दशकात लोहगाववरून चार पंख्यांची, मागे दोन शेपट्या असलेली मोठी विमानं उडायची, ती दुसऱ्या महायुद्धातली होती, इंग्रजांनी जाताना मोडून टाकलेली आणि आपल्या लोकांनी परत उभी केलेली, तर यातलं खरं किती आणि ऐकीव किती.

आजोबा बरोबर सांगतायत, अगदी शेपट्यांसकट. ती विमानं म्हणजे कन्सॉलिडेटेड बी-२४ लिबरेटर. आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, सत्तरच्या दशकात भरती झालो तेव्हा लिबरेटर रिटायर झालेली होती, पण माझी बरीच नोकरी डकोटा या मालवाहू विमानावर गेली आणि डकोटाचं इंजिन आणि लिबरेटरचं इंजिन एकाच घराण्यातलं, प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३० ट्विन वास्प. आम्हाला शिकवणारे बरेचसे सिनियर लोहगावला लिबरेटरवर हात काळे केलेले होते. त्यामुळे इतिहास पुस्तकातनं आणि इंजिन हातातनं, असं दोन्ही मिळून लिहितोय, लांब होईल पण सांभाळून घ्या.

आधी विमान. पंखांची लांबी ११० फूट, चार इंजिनं, प्रत्येकी साधारण १,२०० हॉर्सपॉवर. सगळी व्हर्जन धरली तर अमेरिकेत १८,००० च्या वर बनली, युद्धात फोर्ड कंपनीने मिशिगनमधल्या विलो रन इथे यासाठी वेगळा कारखानाच काढला आणि तिथे ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडायचं. बी-१७ हे अमेरिकेचं दुसरं मोठं बॉम्बर दिसायला देखणं म्हणून त्याचे फोटो सगळीकडे दिसतात, पण लांब जायचं असेल तर लिबरेटर. त्याचा पंख लांब आणि अरुंद, त्याला डेव्हिस विंग म्हणतात, त्यामुळे कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर जायचं. बंगालमधून उठून ब्रह्मदेश, सयाम (आजचं थायलंड) आणि त्याच्या पलीकडे जाऊन परत यायचं तर हेच विमान पाहिजे होतं.

म्हणूनच ते भारतात आलं. १९४२ च्या शेवटी आरएएफचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं, १५९ नंबर स्क्वॉड्रन बंगालमधून लिबरेटर उडवायला लागलं, मग एकेक करून ९९, २१५, ३५५, ३५६ अशी स्क्वॉड्रन वाढत गेली. सालबोनी, दिग्री, धुबालिया ही त्यांची धावपट्ट्यांची गावं. रंगून, बँकॉक, आणि जपान्यांनी युद्धकैदी आणि मजूर मारून मारून बांधून घेतलेली ती सयाम-ब्रह्मदेश रेल्वे, ही मुख्य टार्गेट. १५९ चे विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांनी तर ऑक्टोबर १९४४ मध्ये दिग्रीहून मलायातल्या पेनांगच्या बंदरात सुरुंग टाकले, जाऊन-येऊन ३,००० मैलांच्या वर. हे नुसत्या धाडसावर होत नाही. इंजिन किती लीन मिक्स्चरवर, म्हणजे हवेत पेट्रोल कमी ठेवून, चालवायचं, किती आरपीएमला किती पेट्रोल जळतं, याचा हिशेब ज्या स्क्वॉड्रनने बसून केला तेच एवढं लांब गेलं. या मोहिमांबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही सगळी लढाई आपल्या जमिनीवरून लढली गेली.

ऑगस्ट १९४५ ला युद्ध संपलं. ही विमानं ब्रिटनला लेंड-लीजवर मिळालेली, म्हणजे वापरा पण मालकी अमेरिकेची. युद्ध संपल्यावर एकतर परत द्या नाहीतर निकामी करा, अशी अट. हजारो विमानं परत नेऊन अमेरिका तरी काय करणार होती, म्हणून निकामी करायचं ठरलं आणि भारतातली बरीच लिबरेटर कानपूरला चकेरीच्या डेपोत आणून लावली. मोडतोड कशी केली ते ऐकून कुठल्याही फिटरच्या पोटात कालवेल. इन्स्ट्रुमेंट पॅनेल फोडली, बॉडीला कुदळीने भोकं पाडली, इंजिनात वाळू ओतली. वाळूचं पुढे येतोच. १९४७ ला इंग्रज गेले तेव्हा ही रांगच्या रांग तिथेच पावसात उभी.

आता हवाई दलाची गरज बघा. फाळणीत विमानं, स्क्वॉड्रन, माणसं सगळं वाटलं गेलं आणि लगेच ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरची लढाई सुरू झाली. आपल्याकडे मोठं बॉम्बर एकही नाही. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी पूंछच्या वेढ्यात डकोटाच्या दारातून बॉम्ब ढकलून काम भागवलं, डकोटा हे माल वाहायचं विमान, त्यातून बॉम्ब टाकणं म्हणजे किती अडचण असेल विचार करा. या मेहर सिंगांचं नाव लक्षात ठेवा, सहा नंबरच्या गोष्टीत ते परत येतात. अशा वेळी कुणाच्या तरी डोक्यात आलं की कानपूरला जे पडलंय त्यातनं काही उभं राहतंय का बघूया.

इथे लोक नेहमी असं सांगतात की जणू चार मेकॅनिक पाना-पक्कड घेऊन गेले आणि नशिबाने विमान उडालं. असं सांगितलं की त्या माणसांचं खरं कौशल्य झाकलं जातं, म्हणून मी यावर जरा जास्त लिहिणार आहे. काम केलं बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने. ही कंपनी १९४० मध्ये काढली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत. युद्धात सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९४३ पासून तो सगळा कारखाना अमेरिकन हवाई दलाचा ८४ नंबर एअर डेपो म्हणून चालला. तिथे डकोटा, कॅटलिना समुद्री विमानं, बी-२५ बॉम्बर आणि लिबरेटर सुद्धा ओव्हरहॉलला यायची. म्हणजे १९४८ ला कानपूरला गेलेल्या माणसांना हे विमान नवीन नव्हतं, त्यांनी ते आतून-बाहेरून उघडून जोडलेलं होतं. युद्धात रोज केलेलं काम ते.

दुसरं कारण इंजिन. आर-१८३० डकोटावर आहे, कॅटलिनावर आहे, लिबरेटरवर आहे. मॉडेल वेगळी, लिबरेटरच्या इंजिनाला एक्झॉस्टवर फिरणारा आणि उंचावरची पातळ हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बो-सुपरचार्जर असतो तो डकोटाला नसतो, पण सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह, मॅग्नेटो या सगळ्याची ओळख असलेली माणसं आणि टूल्स देशात भरपूर होती. हेच जर कुठलं विचित्र, दुसऱ्या कशावरच नसलेलं इंजिन असतं तर सगळी विमानं तिथेच कुजली असती असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वाळू. आर-१८३० मध्ये १४ सिलिंडर, सात पुढच्या रांगेत सात मागच्या. प्रत्येक रांगेत एक मास्टर रॉड असतो, बाकीचे सहा रॉड त्याला जोडलेले आणि त्या मास्टर रॉडचं बेअरिंग हे साधं गुळगुळीत बेअरिंग, त्यात बॉल किंवा रोलर नाहीत, तेलाच्या पातळ थरावर ते फिरतं. तिथे वाळूचा कण गेला की बेअरिंग ओरखडतं, ओरखडलं की तापतं, तापलं की जातं आणि ते गेलं की इंजिन हवेतच तुकडे होऊन थांबतं. त्यामुळे वाळू गेलेलं इंजिन धुऊन पुसून कुणी सुरू करत नाही, ते पूर्ण उघडावंच लागतं. पण चार इंजिनं उघडायची तर ओव्हरहॉलची शॉप बंगलोरला आणि विमान कानपूरला. मग एकच रस्ता, शेजारच्या विमानांतनं चांगले पार्ट काढून एक विमान एका उड्डाणापुरतं उभं करायचं आणि ते उडवत बंगलोरला न्यायचं. रेल्वेने नेता येत नव्हतं, ११० फुटांचा पंख बघितलात ना.

एका उड्डाणापुरतं म्हणजे काय ते सांगतो. भोकं पडलेल्या पत्र्याचा फाटका भाग गोल कापून काढायचा, जिथे तडा गेलाय तिथे टोकाला छोटं ड्रिल मारायचं म्हणजे तडा पुढे पळत नाही, मग वरून पत्रा ठेवून रिव्हेट. कंट्रोल केबलची प्रत्येक दोरी हातात कापड धरून पूर्ण लांबी पुसत जायची, कुठे तार तुटलेली असेल तर कापडाला अडकते, हा प्रकार आम्ही सुद्धा केलाय आणि आजही याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. पेट्रोलच्या टाक्या आणि नळ्या गळतात का ते बघायचं. इन्स्ट्रुमेंटमध्ये स्पीड, उंची, ऑइल प्रेशर, तापमान, आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर एवढं तरी पाहिजेच. इंजिन सुरू करण्याआधी प्रॉपेलर हाताने फिरवायचा, कारण उभ्या इंजिनात तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं, तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आपटतो आणि रॉड वाकतो. हाताने फिरवताना पातं अडलं तर जोर लावायचा नाही आणि उलटं तर अजिबात फिरवायचं नाही, खालचे प्लग काढायचे, तेल वाहून जाऊ द्यायचं, मग पुढे. पातं उलटं फिरवलं की तेल इनटेक पाइपात जातं आणि सुरू झाल्यावर तेच परत सिलिंडरमध्ये येऊन रॉड वाकवतं, वरून काही दिसत नाही आणि मग काही तासांनी हवेत तुटतो. लिबरेटरला चार इंजिनं म्हणजे ५६ सिलिंडर आणि ११२ प्लग, आणि हे सगळं दोन वर्षं पावसात उभ्या विमानावर. इंजिन चालवून झालं की ऑइल फिल्टर काढून उन्हात धरायचा, त्यात चकाकणारे कण दिसले की ते इंजिन बाद, परत दुसरं शोधा.

आणि मग ते उडवणार कोण. हिंदुस्तान एअरक्राफ्टचे चीफ टेस्ट पायलट जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगलोरला उडवत नेली. एक नाही, एकामागून एक, सगळी मिळून चाळीसच्या आसपास. खिडकी फुटलेली, अर्धी इन्स्ट्रुमेंट नसलेली, इंजिनाचा भरवसा फक्त खाली उभ्या फिटरच्या शब्दावर, अशी विमानं त्या माणसाने देशाच्या अर्ध्या लांबीवरून नेली. मला विचाराल तर हवाई दलाच्या इतिहासात लढाईत न मिळवलेल्या शौर्याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण आहे आणि शाळेच्या पुस्तकात ते असायला पाहिजे होतं. बंगलोरला मग प्रत्येक विमान पूर्ण उघडून, ओव्हरहॉल करून, हवाई दलाच्या नंबरने बाहेर पडायचं.

२ नोव्हेंबर १९४८ ला पाच नंबर स्क्वॉड्रन लिबरेटर घेऊन उभं राहिलं, स्वतंत्र भारताचं पहिलं हेवी बॉम्बर स्क्वॉड्रन. कानपूरला सुरुवात आणि नंतर पुणे. काहीजण सांगतात की लिबरेटरनी काश्मीरमध्ये धुमाकूळ घातला, तसं धरू नका. तारीख बघा, स्क्वॉड्रन उभं राहिल्यावर दोन महिन्यांत, १ जानेवारी १९४९ ला युद्धबंदी झाली. त्या लढाईचं श्रेय टेम्पेस्ट लढाऊ विमानं, डकोटा आणि त्यांच्या लोकांचं, ते त्यांनाच राहू द्या. लिबरेटरचं महत्त्व पुढच्या काळात, कारण आसपासच्या कुठल्याही देशाला हे माहीत होतं की भारताकडे लांब जाऊन येणारं बॉम्बर आहे. १९५७ मध्ये कॅनबेरा जेट बॉम्बर आलं आणि पाच नंबरने लिबरेटर सोडून ते घेतलं.

आता तुमच्या आजोबांनी बघितलं ते सहा नंबर. हे स्क्वॉड्रन १ डिसेंबर १९४२ ला त्रिचनापल्लीला उभं राहिलं, हरिकेन लढाऊ विमानं आणि पहिले कमांडर हेच मेहर सिंग. ब्रह्मदेशच्या आराकान किनाऱ्यावर यांनी शत्रूचे फोटो काढायचं एवढं काम केलं की ‘चौदाव्या आर्मीचे डोळे’ असं त्यांना म्हणायचे (चौदावी आर्मी म्हणजे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढणारं ब्रिटिश-भारतीय सैन्य), आणि मेहर सिंगांना डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं, त्या युद्धात भारतीय हवाई दलात ते एकट्यालाच. फाळणीत सहा नंबर पाकिस्तानच्या वाट्याला गेलं, आणि १९५१ ला आपण तोच नंबर पुण्यात परत उभा केला, लिबरेटर देऊन. काम मात्र बॉम्बिंगपेक्षा समुद्रावर नजर ठेवायचं. अरबी समुद्रावर तास न् तास कमी उंचीवर फिरायचं, जहाजं ओळखायची, नोंद करायची. लांब पल्ल्याचं विमान, चार इंजिनं, एक बंद पडलं तरी घरी येतं, समुद्रासाठी याहून बरं तेव्हा आपल्याकडे काही नव्हतं. शिवाय कमी उंचीवर उडायचं असलं की टर्बोला फार ताण नाही आणि लिबरेटरच्या इंजिनात टर्बो हाच सगळ्यात त्रासाचा भाग, त्यामुळे हे काम विमानाच्या तब्येतीलाही मानवलं असं आमचे सिनियर सांगायचे आणि इंजिनाच्या दृष्टीने मला ते पटतं.

त्यातले एक वॉरंट ऑफिसर होते, सातारकडचे, सहा नंबरमध्ये लिबरेटरवर बरीच वर्षं काढलेले. ते आम्हाला बॉम्ब-बेबद्दल सांगायचे. लिबरेटरच्या पोटाचे दरवाजे बाहेर उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखे बाजूने वर गुंडाळले जातात, त्यामुळे ते पातळ पत्र्याचे. मधून जायला एक फळीसारखी अरुंद वाट, जेमतेम वीतभर रुंद. माणसाचा पाय घसरून दरवाजावर पडला तर दरवाजा वजन धरत नाही, सरळ खाली. म्हणून नवीन पोरगा आला की त्याला जमिनीवर उभ्या विमानात, दरवाजे उघडे ठेवून, त्या वाटेवरून टूलबॉक्स घेऊन पुढे-मागे चालायला लावायचे, डोळे पायाकडे न बघता चालता येईपर्यंत. दुसरं म्हणजे पेट्रोलचा वास. पेट्रोलच्या नळ्या पोटातूनच गेलेल्या, कुठेतरी थोडंसं झिरपणार, म्हणून उडताना दरवाजे थोडे उघडे ठेवून हवा खेळती ठेवायचे, हे तर युद्धातले अमेरिकन क्रू पण करायचे. आणि विमानात काडी पेटवायचा प्रश्नच नाही, हा नियम मोडणाऱ्याला ते वॉरंट ऑफिसर परत विमानाजवळ फिरकू द्यायचे नाहीत.

वीस वर्षं ही विमानं चालवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. बनवणारी लाइन १९४५ लाच बंद झालेली, स्पेअर येणार कुठून. जे होतं ते कानपूरच्या उरलेल्या विमानांतनं काढून नीट टॅग लावून ठेवलेलं आणि बाकी बंगलोरला बनवलेलं. प्रत्येक विमानाचं फॉर्म ७००, म्हणजे देखभालीची नोंदवही, रोज भरायचं, छोटा स्नॅग (बिघाड) सुद्धा लिहायचा, कारण लिहिला नाही तर पुढच्या शिफ्टला कळणार नाही आणि समुद्रावर तीनशे मैल आत ते कळून उपयोग नाही. विमान टिकलं ते या रोजच्या कंटाळवाण्या कामाने.

डिसेंबर १९६१ ला गोव्याची कारवाई झाली तेव्हा लोहगाव एकदम गजबजलेलं होतं, १८ तारखेला सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा इथूनच गेली आणि दाबोळीची धावपट्टी बॉम्ब टाकून बंद केली, टर्मिनल आणि कंट्रोल टॉवरला धक्का न लावता. म्हणजे बॉम्बर म्हणून लिबरेटरचे दिवस तोवर संपलेच होते, ते काम जेटकडे गेलेलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन विमानं सहा नंबरला मिळाली. आजोबांना विचारा, दोन शेपट्या आठवतात का तीन. तीन म्हणाले तर ते सुपर कॉनी, दोन म्हणाले तर लिबरेटर, दोन्ही लोहगाववरूनच उडायची. १९६८ ला लिबरेटर निवृत्त झालं, तोवर जगात दुसऱ्या कुठल्याच हवाई दलात ते सर्व्हिसमध्ये उरलेलं नव्हतं. समुद्राचं काम आणि त्या सुपर कॉनी १९७६ ला नौदलाकडे गेल्या, गोव्यात दाबोळीला. सहा नंबर मात्र पुढेही समुद्राशीच जोडलेलं राहिलं, आधी कॅनबेरा आणि ऐंशीच्या दशकात पुण्यातच जग्वार लढाऊ विमानाचं सागरी मॉडेल.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, ती विमानं गेली कुठे. १८,००० पैकी अमेरिकेने स्वतःची युद्ध संपताच वितळवून टाकली, त्यामुळे पुढे जगभरच्या म्युझियमना लिबरेटर हवं झालं तेव्हा ते मिळालं आपल्याकडे. १९६८ ला एक कॅनडाला गेलं, ते ओटावाच्या म्युझियममध्ये आहे. १९६९ ला एक अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा म्युझियमला गेलं, उडत. १९७४ ला एक आरएएफ म्युझियमला दिलं आणि त्याचा प्रवास मला सगळ्यात जवळचा वाटतो. आरएएफमध्ये त्याचा नंबर केएन ७५१, १९४५ ला ९९ नंबर स्क्वॉड्रनबरोबर हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर होतं. या ९९ नंबरच्या नावात ‘मद्रास प्रेसिडेन्सी’ आहे बरं का. मग कानपूर, मग बंगलोर, मग एचई ८०७ नंबर लावून आपल्या सहा नंबरमध्ये, आणि मग परत इंग्लंड. ज्यांनी ते निकामी करून टाकलं त्यांनाच ते उडत्या अवस्थेत परत दिलं. आणखी एक, १९४४ चं, टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला बनलेलं, आरएएफचं केएच १९१, ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या डग आर्नल्ड नावाच्या गृहस्थांनी विकत घेतलं, तिथून अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं आणि १९८९ ला परत हवेत उडालं.

आजोबांना प्रवास झेपत असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये एक लिबरेटर ठेवलंय, घेऊन जा त्यांना. तिथे गेलात की पंखाखाली उभं राहून इंजिनाच्या मागच्या बाजूला खाली बघा, टर्बोची गोल चकती दिसेल, आणि बॉडीवर जिथे रिव्हेटची रांग मधेच वेगळ्या चौकोनात वळते तिथे नीट बघा, मारलेला पत्रा असाच ओळखू येतो. फोटो काढलात तर इथे टाका, कुठला पॅच कशाचा असेल ते मी सांगायचा प्रयत्न करीन.